ठेवणीतली पलटण

दादांच्या घरातल्या सोफ्यावर अजून दुकानातलं प्लॅस्टिक आहे. त्यावरून माणूस उठला की चर्र असा आवाज होतो आणि दादा समाधानानं म्हणतात, "बघा, आतून कोरा करकरीत आहे." कपाटात टाचण्यांसकट घडीचे शर्ट आहेत. शोकेसमध्ये सोनेरी काठाच्या कपबश्या आहेत, आणि आम्हाला चहा मिळतो तो कुठल्याशा कंपनीचं नाव छापलेल्या मगांतून. फ्रीजरच्या तळाशी हापूसच्या रसाचा डबा आहे. त्यावरची तारीख मोठ्यानं वाचायची नाही असा घरातला संकेत आहे. कुणी विषय काढलाच तर दादांचं उत्तर ठरलेलं. "आत्ताच कशाला?"

दादा म्हणजे माझ्या बायकोचे थोरले भाऊ. पण असा एक दादा प्रत्येक मराठी घरात असतो. भेट आलेलं भारी पेन तो चांगल्या कामासाठी ठेवतो आणि शाई आतल्या आत वाळून जाते. नवी चादर पाहुण्यांसाठी असते, आणि पाहुणे आले की ते "घरचेच" निघतात. बाकीच्यांचा हा स्वभाव कपाटात झाकून राहतो. दादांनी मात्र असा छंद धरलाय की त्यात तो दर गुरुवारी संध्याकाळी, सहा बाय चार फुटांच्या टेबलावर, दिव्याच्या उजेडात, चारचौघांसमोर उघडा पडतो.

दादा नॉटिंगहॅमला राहतात, आम्ही जवळच लेस्टरला. आपल्याला नॉटिंगहॅम ठाऊक असतं रॉबिन हूडमुळे, फार तर ट्रेंट ब्रिजच्या मैदानामुळे. पण टेबलावर छोट्या सैनिकांच्या लढाया खेळणाऱ्यांची ती पंढरी आहे. १९८३ साली 'वॉरहॅमर' आणि १९८७ साली 'वॉरहॅमर ४०,०००' काढणाऱ्या गेम्स वर्कशॉपचं मुख्यालय तिथल्या लेंटन भागात आहे. त्याच्या आसपास शिशाचे आणि प्लॅस्टिकचे सैनिक घडवणारे इतके कारखानदार उगवले, की त्या पट्ट्याला या छंदातली मंडळी 'लेड बेल्ट' म्हणतात. नोकरीसाठी जगात कुठेही जाता आलं असतं, पण दादा नेमके तिथे जाऊन पडले. वहिनींच्या मते हा योगायोग नव्हता.

खेळ साधारण असा. टेबलावर हिरवं कापड, थर्माकोलच्या टेकड्या, काड्यापेटीएवढी घरं. सैनिक बोटाच्या दीड पेराएवढे, २८ मिलीमीटरच्या मापाचे. बुद्धिबळासारखे चौकोन नाहीत. कोण किती चाललं ते टेपनं इंचांत मोजायचं, कोण मेलं ते फासे ठरवणार. टेप धरायचं काम माझ्याकडे असतं. "भावोजी, माप घ्या" असं दादा म्हणाले की मी घेतो. पोरखेळ म्हणून कुणी हसलं तर दादा लगेच सुनावतात, की १८२० च्या दशकात प्रशियाचे लष्करी अधिकारी असाच खेळ खेळून युद्ध शिकत होते, आणि एच. जी. वेल्ससारख्या लेखकानं १९१३ साली 'लिटल वॉर्स' नावाचं नियमांचं पुस्तक लिहिलं. वेल्ससाहेब स्प्रिंगच्या खेळण्यातल्या तोफेनं लाकडी तुकडे मारून खरोखरच सैनिक पाडत. हे सांगताना दादांच्या चेहऱ्यावर वेदना उमटते. रंग उडत असेल ना.

याचं मूळ साताऱ्यात आहे. दिवाळीत वाड्याच्या अंगणात किल्ला व्हायचा. माती, गोणपाट, वर पेरलेले अळीव, तळ्यात प्लॅस्टिकचं बदक, आणि गुहेत वाघ, जो किल्ल्याच्या दरवाज्याहून मोठा. माथ्यावर महाराज, पायऱ्यांवर मावळे. माझी बायको सांगते, की कुंभाराकडून आणलेल्या चित्रांत एक घोडेस्वार फार देखणा होता, मिशीचा पीळसुद्धा रंगवलेला. तो किल्ल्यावर कधी चढलाच नाही. पाऊस येईल, मांजर येईल, शेजारचा बंड्या हात लावेल, म्हणून दादांनी त्याला माजघरातल्या देवळीत ठेवला. पुढच्या वर्षी पुन्हा देवळीत. त्याच्या पुढच्या वर्षी समई ठेवताना आईचा धक्का लागला आणि तो खाली पडून फुटला. मावळे भिजले, विरघळले, बंड्यानं पळवले, पण लढले तरी.

आता त्या घोडेस्वाराची जागा नेपोलियनच्या ओल्ड गार्डनं घेतलीय.

ओल्ड गार्ड म्हणजे बादशहाची खासगीतली पलटण. अनेक मोहिमा पाहिलेले जुने सैनिक, अस्वलाच्या कातड्याच्या उंच टोप्या, भरघोस मिशा, मागे वेणी, कानात बाळ्या. बादशहाच्या तोंडावर कुरकुर करायची तर ती यांनीच करावी, अशी त्यांची ख्याती. दादांकडे यांची ३६ जणांची तुकडी आहे. बाकी फ्रेंच फौज त्यांनी झपाट्यानं रंगवली: फवाऱ्यानं अस्तर, निळा कोट, पांढरी विजार, वरून काळपट पातळ रंगाचा एक हात की सुरकुत्या आपोआप दिसतात, चला पुढचा. गार्डच्या वाट्याला मात्र भिंग लावलेला दिवा, दोन केसांचा ब्रश आणि रोखलेला श्वास आला. टोपीच्या केसांना काळ्याच्या चार छटा. बाळी सोन्याची, बटणं पितळेची, आणि ते दोन रंग वेगळे आहेत हे भिंगातून पाहून कबूल करावं लागतं. ढोलवाला रंगवत होते तेव्हा घरात मिक्सर लावायला बंदी होती. वहिनींनी महिनाभर पाट्यावर चटणी वाटली, म्हणजे विकतची आणली.

ही तुकडी स्पंज कापून केलेल्या खास पेटीत, एकेकाच्या मापाच्या खाचेत झोपते. क्लबात पेटी उघडली की शेजारच्या टेबलांवरची माणसंही बघायला येतात. दादा एकेकाला टोपीला स्पर्श न करता, पायाखालच्या चकतीला धरून उचलतात आणि टेबलाच्या आपल्या कडेला, टेकडीच्या मागे, शत्रूची नजर पोचणार नाही अशा जागी उभा करतात. आणि मग ते तिथेच राहतात.

दादांना डावपेच कळत नाहीत असं मात्र समजू नये. खासे सैनिक कसे वापरावेत यावर क्लबात त्यांच्याइतकं नेमकं बोलणारा दुसरा नाही. नवीन पोरगा आला की दादा त्याला टेबलाशी घेतात. "हे बघ, भारी पलटण पहिल्याच फेरीत पुढे काढलीस, तर समोरच्याची प्रत्येक तोफ तिच्यावरच वळणार. आधी तिला लपव. पुढे स्वस्तातली माणसं ठेव, गोळ्या त्यांना खाऊ दे. पलटण ज्या कामासाठी घेतलीस तेच काम तिला दे. चिलखत फोडणारे लोक शेतकऱ्यांवर घालवू नकोस, आणि घोडेस्वारांना गावातल्या गल्लीत पाठवू नकोस. तिच्या बगलेला कुणीतरी ठेव. आणि वेळ बघ. शत्रूची ओळ विस्कटली, त्याची राखीव माणसं संपली, त्याला दम लागला, की मग एकदम. अर्धी नाही, सगळी. एकाच जागी." पोरगा मान डोलावतो आणि दोन महिन्यांत याच अकलेवर दादांना हरवतो. क्लबातली निम्मी मंडळी दादांकडून शिकून दादांनाच हरवत आलीयत.

कारण दादांची ती वेळ कधी येतच नाही. उजवी बाजू कोसळते. जोडीदार, जो निवृत्त पोस्टमन आहे आणि स्वभावानं अतिशय सोशिक, हळूच विचारतो की गार्ड पाठवायचा का. दादा घड्याळात बघतात, टेकडीकडे बघतात. "अजून नाही." मधली फळी मागे हटते. "शत्रूनं अजून सगळं दाखवलं नाहीये." शत्रूनं तोवर सगळं दाखवलेलं असतं, त्याच्याकडे दाखवायला काही उरलेलं नसतं. शेवटी टेबलावर फ्रेंचांचा फक्त गार्ड उभा असतो, ३६ च्या ३६, एकाही टोपीचा केस वाकडा न झालेला. घरी येताना गाडीत दादा म्हणतात, "तसं पाहिलं तर वाईट नाही झालं. गार्ड शाबूत आहे."

यावर त्यांच्यापाशी इतिहासाचा पुरावा आहे, आणि तोही दोन्ही बाजूंचा. ७ सप्टेंबर १८१२, बोरोदिनो. रशियन फळी फाटत आली होती, सरदार गार्ड मागत होते, आणि नेपोलियननं दिला नाही. पॅरिसपासून इतक्या लांब शेवटची शिल्लक मोडायची त्याची तयारी नव्हती. रशियन सैन्य मोडकंतोडकं का होईना, निसटलं. "पण परतीच्या बर्फात त्याच्याजवळ शिस्तीत चालणारी माणसं कोण होती? गार्डच ना?" मग १८ जून १८१५, वॉटर्लू. संध्याकाळी सहाच्या पुढे, ला हे सँत हे शेतघर पडल्यावर, मार्शल नेनं आणखी माणसं मागितली. तेव्हा इंग्रजांची मधली फळी खरंच विरळ झाली होती. माणसं मिळाली नाहीत. साडेसातच्या सुमाराला गार्डच्या काही तुकड्या चढावर गेल्या तोवर वेलिंग्टननं भोक बुजवलं होतं. समोरून ब्रिटिश गार्ड उठले, बगलेवर ५२ वी पलटण वळली, आणि कधी मागे न हटणारे मागे हटताना साऱ्या फ्रेंच सैन्यानं पाहिले. बाकीचं सैन्य त्या दृश्यानंच खचलं. यावरून कुणीही काढेल तो अर्थ असा, की गार्ड उशिरा पाठवला. दादा काढतात तो असा: "पाठवला ना? मग झालं ना वाटोळं?"

लंडनला चेल्सीमध्ये राष्ट्रीय लष्कर संग्रहालय आहे. विल्यम सायबर्न नावाच्या लष्करी अधिकाऱ्यानं बनवलेलं वॉटर्लूचं अवाढव्य मॉडेल तिथे ठेवलंय. १८३८ साली ते लोकांसमोर आलं; त्यात ७०,००० च्या वर टीचभरही नसलेले सैनिक आहेत आणि प्रसंग आहे तो संध्याकाळी सातच्या सुमाराचा, म्हणजे गार्ड निघण्याचा. सायबर्ननं त्यापायी आपली जमापुंजी घालवली, शिवाय प्रशियाचे सैनिक किती आणि कुठे दाखवायचे यावरून वेलिंग्टनची नाराजी ओढवून घेतली. दादा आम्हाला तिथे घेऊन गेले होते. आम्ही संपूर्ण संग्रहालय बघून, खाली चहा पिऊन परत आलो तरी दादा काचेपाशीच. म्हणाले, "इथेच थांबवायला पाहिजे होतं. बघा ना, अजून सगळे उभे आहेत."

या माणसाच्या पोटी अशी मुलगी कशी आली हे कोडं आहे. माझी ही भाची सतराव्या वर्षात आहे आणि 'वॉरहॅमर ४०,०००' खेळते. तिचं सैन्य एल्डार नावाच्या परग्रहवासीयांचं. या लोकांचे खासे योद्धे म्हणजे सगळेच विशेषज्ञ. एक जमात फक्त समोरासमोर किंचाळत भिडते, एक फक्त लांबून मारा करते, आणि फायर ड्रॅगन नावाचे आहेत ते फक्त रणगाडे जाळतात. त्यांची बंदूक जबर, पण पल्ला बारा इंच. म्हणजे जाळायला जवळ जावं लागतं, आणि जवळ गेलेला माणूस परत येत नाही. भाची त्यांना एका उडत्या गाडीत कोंबते, गाडी शत्रूच्या सगळ्यात महागड्या रणगाड्याशेजारी उभी करते, पाच जण उतरतात, रणगाड्याचा कोळसा होतो, पुढच्या पाळीत ते पाचही मरतात आणि ती मोबाइल बघत त्यांना डब्यात टाकते. खळ्ळ असा आवाज येतो. दादा डोळे मिटतात.

"अगं, निदान सावकाश ठेव."

"बाबा, त्यांचं काम झालं. पाच जणांत त्याचा रणगाडा गेला. त्याच्यापेक्षा निम्म्याहून कमी गुणांचे होते ते." इथे प्रत्येक तुकडीला गुणांत किंमत असते आणि दोन्ही बाजूंना सारखेच गुण मिळतात. भाची वाण्यासारखा हिशेब करते: किती घातले, किती काढले. "तू ते मरू नयेत म्हणून खेळतोस. मी त्यांनी मरायच्या आधी काय करावं म्हणून खेळते."

दादांनी यावर काही उत्तर दिलं नाही. थोड्या वेळानं त्यांनी डबा उघडून एका ड्रॅगनचा वाकलेला हात डिंकानं चिकटवून दिला.

तिचा नेहमीचा प्रतिस्पर्धी एक दंतवैद्य आहे. त्याच्याकडे टर्मिनेटर आहेत. कपाटाएवढ्या चिलखतातले पाच जण. हे टेबलावर नसतातच. योग्य वेळी एकदम मैदानात उतरतात. नियम एवढाच, की शत्रूपासून नऊ इंचांपेक्षा जास्त अंतरावर उतरायचं. मग धावून जायला दोन फासे टाकायचे आणि बेरीज किमान नऊ यायला हवी. दंतवैद्य दर वेळी उत्साहानं टाकतो. दादांनी कागदाच्या कपावर त्याला गणित करून दाखवलं: दोन फाशांच्या ३६ शक्यतांपैकी नऊ किंवा जास्त येणाऱ्या फक्त १०. म्हणजे चारातल्या जवळजवळ तीन वेळा तुझे पाच भारी लोक शत्रूच्या पुढ्यात उघड्यावर उभे राहणार आणि गोळ्या खाणार. "त्यापेक्षा थांब. लांब उतर, आडोशाला उतर, पुढच्या फेरीला चालत जा." सल्ला सोळा आणे बरोबर. शिवाय भाची काय करते, तर आपली स्वस्तातली माणसं टेबलभर अशी पसरून ठेवते की उतरायला कामाची जागाच राहत नाही. हेही तिला शिकवलं दादांनीच.

दादांचा एक सिद्धांत आहे आणि तो मला मनापासून पटतो. गार्ड लढलाच पाहिजे असं नाही. तो आहे हे कळलं तरी पुरे. टेकडीमागे काय आहे या धास्तीनं शत्रू आपली निम्मी फौज अडकवून ठेवतो. सुरुवातीची काही वर्षं हे खरंही ठरलं. नवखा खेळाडू त्या अस्वली टोप्या बघूनच जपून चालायचा. अडचण अशी झाली, की क्लब लहान, माणसं तीच. हा माणूस गार्ड काढत नाही, हे हळूहळू सर्वांना कळलं. आणि जी पलटण येणार नाही हे ठाऊक आहे तिला कोण भितो? आता प्रतिस्पर्धी गार्डला टेबलावरच्या झाडांत जमा धरतात. एकदा एकानं बोलता बोलता चहाचा कप गार्डच्या शेजारी टेकवला. दादांना आवाज चढवताना मी तेवढं एकदाच ऐकलं.

गार्डला हुकूम एकदाच सुटला. पोस्टमनचा वाढदिवस होता आणि त्यानं भेट म्हणून तेवढंच मागितलं. नाही म्हणणं इंग्लंडात शोभलं नसतं. ते खेळतात त्या 'ब्लॅक पावडर' नियमांत सैन्य नुसतं ढकलता येत नाही; सेनापतीनं हुकूम द्यायचा, मग दोन फासे टाकायचे, आणि बेरीज त्याच्या कुवतीच्या आकड्याइतकी किंवा कमी आली तरच पलटण हलते. दादांचा आकडा आठ. म्हणजे बहुतेक वेळा जमावं. पण दोन्ही फाशांवर सहा पडले तर घोटाळा: हुकूम भलताच पोचतो. सगळा क्लब खेळ थांबवून गोळा झाला. दादांनी मखमली पिशवीतले फासे काढले नाहीत, ते ठेवणीतले. क्लबचे साधे घेतले. घाम पुसला, टाकले. सहा आणि सहा. गार्ड वळून शिस्तीत मागच्या बाजूला, तंबूंकडे चालू लागला. पोस्टमननं डोक्याला हात लावला. दादांचा चेहरा मात्र उजळला होता. म्हणाले, "त्यांनाच जायचं नव्हतं हो."

इथवर हे व्यक्तिचित्र सरळ आहे. ते फिसकटलं पानिपतामुळे.

क्लबातल्या एका निवृत्त भूगोल शिक्षकाकडे पानिपतच्या दोन्ही फौजा निघाल्या. १५ मिलीमीटरच्या, म्हणजे अजून लहान. हौसेनं जमवलेल्या, रंग जेमतेम. दादा असल्यामुळे त्यानं त्या खास माळ्यावरून काढल्या. बाजू चिठ्ठ्यांवर ठरल्या. भाचीला इब्राहिमखान गारदी आला. भाऊसाहेब पोस्टमनच्या वाट्याला. विंचूरकर आणि गायकवाडांचे घोडेस्वार एका तरुण प्लंबरकडे. दादांनी चिठ्ठी उघडली आणि बराच वेळ नुसते बघत राहिले. अहमदशहा अब्दाली.

"बदलून घेता का?" मी मराठीत विचारलं.

"नको. चिठ्ठी ती चिठ्ठी." मग खालच्या आवाजात, "आईला मात्र सांगू नका."

१४ जानेवारी १७६१ ची सकाळ टेबलावर मांडली. मराठे उपाशी, म्हणून त्यांच्या फाशातून एक वजा. भाचीनं नेहमीप्रमाणे गारद्यांना पुढे काढलं. कवायती पायदळ, तोफा, सरळ रांगा. आणि समोरच्या रोहिल्यांची तिनं दाणादाण उडवली. मला अभिमान वाटायला लागला. तेवढ्यात प्लंबरला धीर निघेना. रोहिले पळतायत तर आपण का नाही, म्हणून त्यानं घोडे सोडले ते गारद्यांच्या बंदुकांच्या थेट पुढे. भाची किंचाळली, "अरे, माझ्या समोरून बाजूला हो!" तिच्या तोफा आपल्याच लोकांमुळे गप्प झाल्या. रोहिल्यांनी घोडे परतवले. ही चूक त्या प्लंबरनं कुठेही वाचलेली नव्हती. विंचूरकर-गायकवाडांवर बखरींपासून जो ठपका आहे तो त्यानं स्वयंस्फूर्तीनं कमावला. कितीही कसबी पलटण असो, शेजारचा गडी धीराचा नसेल तर तिची किंमत मातीमोल. दादा हे इतकी वर्षं घसा फोडून सांगत होते.

पण दादा त्या दिवशी काही सांगत नव्हते. ते बघत होते. दुपार झाली. मधल्या फळीत भाऊंच्या हुजुरातीनं अब्दालीच्या शहावलीखानाला दाबत नेलं. अफगाण मागे सरकायला लागले. दादांच्या बाजूचा गडी कळवळून म्हणाला की आता राखीव काढा. "अजून नाही." सगळ्यांनी एकमेकांकडे पाहून हसून घेतलं. मीही. पोस्टमननं आपली शेवटची तुकडी पुढे लोटली, कारण अब्दालीची राखीव फौज म्हणजे टेबलावरची झाडं, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

तेव्हा दादा म्हणाले, "भावोजी, माप घ्या."

पळून आलेल्यांना त्यांनी आधी मागून हाकून परत लढाईत ढकललं. मग ताजे घोडेस्वार, सगळे, एकदम, एकाच जागी, थकलेल्या हुजुरातीवर. बगलेला उंट, त्यांच्यावरची जंबुरके जवळून डागत. त्यांनी नवीन पोरांना शिकवलेलं प्रत्येक वाक्य टेबलावर घडत होतं. दोन फेऱ्यांत मराठ्यांची मधली फळी नाहीशी झाली. मेलेले उंट दादा मुठीनं उचलून शिक्षकाच्या खोक्यात टाकत होते. खळ्ळ असा आवाज येत होता. डोळे उघडे होते. आयुष्यात पहिल्यांदा मी एका मराठी माणसाला पानिपत जिंकताना पाहिलं, आणि काय चेहरा करावा ते मला समजेना. भाची गारद्यांचे शेवटचे चार सैनिक हातात धरून बापाकडे अशी बघत होती की जणू त्यांचा परिचय आजच झाला. "बाबा, तुला येतं की हे!"

"येतं गं," दादा म्हणाले. "दुसऱ्याचे होते ना."

दुसऱ्या दिवशी सकाळी साताऱ्याला व्हिडिओ कॉल होतो. आई नव्वदीच्या घरात आहेत, पण गुरुवार विसरत नाहीत. "जिंकलास का रे काल?"

"हो, आई."

"अगंबाई! कुणाला हरवलंस?"

दादांनी माझ्याकडे पाहिलं. मी सोफ्यावर होतो. हललो असतो तर आवाज झाला असता. "फ्रेंचांना," दादा म्हणाले. आईंनी दृष्ट काढल्यासारखी बोटं मोडली.

या विजयानंतर क्लबात वातावरण बदललं. टेकडीमागचा गार्ड पुन्हा खरा वाटू लागला. पुढच्याच गुरुवारी दंतवैद्यानं त्याच्या धास्तीनं अख्खी घोडदळाची तुकडी एका कोपऱ्यात अडकवून ठेवली, आणि दादा कित्येक महिन्यांत पहिल्यांदा स्वतःच्या सैन्यानं जिंकले. गार्ड अर्थातच हलला नाही. भाचीनं त्यांना कोंडीत पकडायचं ठरवलं. तिनं वाढदिवसाला बापाला एक नवं खोकं दिलं: गार्डचेच घोडेस्वार, मोठ्या काळ्या घोड्यांवरचे ग्रेनेडियर. म्हणाली, "आता राखीव म्हणून हे ठेव. म्हणजे जुने वापरायला मोकळे."

दादांना तर्क बिनतोड वाटला. ते खोक्यावरचं चित्र भिंगातून बघत होते.

"म्हणजे येत्या गुरुवारी जुना गार्ड उतरवणार?" मी विचारलं.

"उतरवू की. आधी हे रंगवून होऊ देत. राखीव तयार नसताना राखीव काढणं म्हणजे शुद्ध वॉटर्लू."

त्याला आता दीड वर्ष होत आलं. घोडे झाले आहेत. स्वारही झाले. आता फक्त लगामांची कडी राहिलीयत, आणि त्यासाठी लागणारी सोनेरी रंगाची बाटली घरात आहे, पण ती चांगली आहे म्हणून दादांनी अजून फोडलेली नाही.